जुन्या मोटारींची दुरुस्ती आणि जतन

आपल्या प्रदेशात अनेक जुन्या घरांच्या मागील पडवीत, भाटकारांच्या वाड्यांतील गाडीखान्यात किंवा एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजच्या कोपऱ्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एखादी मोटार धूळ खात उभी असलेली आढळते. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना तिचे मोल ठाऊक असते, परंतु तिचे नेमके काय करावे हे ठाऊक नसते. अशा गाडीच्या वाट्याला बहुधा दोनपैकी एक गत येते. एक तर ती वजनावर भंगारात विकली जाते, अथवा उत्साहाच्या भरात तिचे जुने इंजिन काढून त्या जागी जीपचे किंवा अन्य कोणत्या तरी नव्या गाडीचे इंजिन बसविले जाते आणि ती 'चालू' केली जाते. पहिल्या प्रकारात गाडी उघडपणे नष्ट होते. दुसऱ्या प्रकारात ती रस्त्यावर धावताना दिसते, पण जिच्यासाठी ती जपावयाची ती मूळ वस्तूच नाहीशी झालेली असते. म्हणून जुन्या मोटारीची दुरुस्ती ही नव्या गाडीच्या दुरुस्तीहून वेगळी का आहे आणि ती कशी करावी, याची माहिती सर्वसामान्य नागरिकांना असणे अगत्याचे आहे.

'व्हिंटेज' म्हणजे काय?

इंग्लंडमधील जुन्या मोटारींच्या शौकिनांनी १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' हे नाव दिले. आपल्याकडे बोलण्यात मात्र महायुद्धापूर्वीच्या, किंबहुना कोणत्याही जुन्या गाडीस हा शब्द सर्रास लावला जातो. कायद्यातील व्याख्या याहून निराळी आहे. केंद्र सरकारने जुलै १९२१ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच अशा वाहनांची स्वतंत्र नोंद घेतली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने या नियमांनुसार 'व्हिंटेज' ठरतात. या व्याख्येतील 'मूळ स्वरूपात' हे शब्द वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावेत. दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांचा संबंध येणार आहे.

सुटे भाग दुर्मिळ का झाले?

फोर्ड कंपनीने १९२६ साली भारतात आपली उपकंपनी स्थापन केली. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. हे कारखाने मोटारी घडवीत नसत. परदेशातून आलेले भाग येथे जोडून गाडी उभी केली जाई आणि सुटे भागही तेथूनच येत. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, ज्या कंपन्या मोटारींचे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवावयास तयार असतील त्यांनाच हा व्यवसाय करू द्यावा, असे धोरण सरकारने स्वीकारले. त्यानंतर या दोन्ही परदेशी कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. देशी मोटार उद्योगाचा पाया घालण्याच्या दृष्टीने हे धोरण महत्त्वाचे ठरले. तथापि आधीच रस्त्यावर असलेल्या हजारो गाड्यांचे सुटे भाग मिळणे त्यामुळे कठीण होत गेले.

ही उणीव आपल्या मिस्तरींनी भरून काढली. लेथवर बुश कातणे, तुटलेला भाग पितळेत ओतणे, रेडिएटरला डाख लावणे, मडगार्डचा पत्रा हातोडीने घडविणे, या कामांत त्यांनी असाधारण कौशल्य मिळविले. त्यांच्याच हातगुणामुळे या गाड्या पुढे कित्येक वर्षे धावत राहिल्या. त्याबरोबरच, भाग न मिळाल्यामुळे इंजिनेच बदलण्याची प्रथाही याच काळात रूढ झाली. आज परिस्थिती पालटली आहे. फोर्ड मॉडेल ए सारख्या लोकप्रिय गाड्यांचे अनेक भाग परदेशात पुन्हा नव्याने तयार होतात व मागविता येतात. तेव्हा इंजिन बदलण्याची जुनी सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

एका गाडीचे उदाहरण

वर उल्लेखिलेली फोर्ड मॉडेल ए हीच गाडी उदाहरणादाखल घेऊ. १९२७ ते १९३१ या काळात या गाडीचे सुमारे ४८ लाख नग तयार झाले. ती राजेमहाराजांसाठी बनविलेली गाडी नव्हती. सामान्य माणसाला परवडावी आणि खेड्यातील लोहारालाही दुरुस्त करता यावी, अशा बेताने तिची रचना केलेली होती. तिचे इंजिन चार सिलिंडरचे व सुमारे ३.३ लिटर क्षमतेचे असून त्याची शक्ती ४० अश्वशक्ती आहे. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, उंचावर आहे. त्यामुळे पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्बोरेटरपर्यंत उतरते. त्यासाठी पंप लागत नाही. ब्रेक तेलावर चालणारे नसून लोखंडी दांड्यांनी चारही चाकांवर काम करतात. गिअर पुढचे तीन असून ते आपोआप जुळणारे नसल्यामुळे चालकाला दोन वेळा क्लच दाबून गिअर बदलावा लागतो.

स्टिअरिंगखाली दोन लहान दांडे असतात. उजवीकडचा पेट्रोलच्या प्रमाणावर आणि डावीकडचा ठिणगी पडण्याच्या वेळेवर ताबा ठेवतो. हँडल मारून गाडी सुरू करण्यापूर्वी डावा दांडा पूर्ण वर नेऊन ठिणगी उशिरा पडेल असे केले नाही, तर इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडण्याचा प्रसंग येतो. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल नेहमी खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये.

बरीच वर्षे बंद असलेली गाडी

घरातील जुनी गाडी एखाद्या सणासुदीला सुरू करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. नवी बॅटरी जोडून कळ दाबली जाते, किंवा गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढली जाते. असे करणे इंजिनाला घातक आहे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात व बेअरिंगांवर तेलाचा थरही उरलेला नसतो. जबरदस्तीने फिरविल्यास कड्या तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. एका मिनिटाच्या घाईने पुढे मोठा खर्च ओढवतो.

यासाठी पुढील क्रम पाळावा. प्रथम उंदरांची घरटी, कुरतडलेल्या वायरी व साचलेला कचरा काढावा. टाकीतील जुने पेट्रोल आणि इंजिनातील जुने ऑईल पूर्ण काढून टाकावे. ऑईलचे तळपात्र उतरवून त्यातील चिकट गाळ स्वच्छ करावा. तसे न करता नवीन प्रकारचे, मळ सोडविणारे ऑईल भरल्यास हा गाळ सुटून तेलाचे मार्ग बंद पाडतो. मग सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि किमान एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. त्यानंतर प्लग न बसविताच हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पाहावे. ते फिरत नसेल तर बळ न लावता पुन्हा तेल सोडून वाट पाहावी. इंजिन मोकळे फिरू लागल्यावर रेडिएटरमध्ये स्वच्छ पाणी भरून गळती तपासावी आणि मगच ठिणगी व पेट्रोल यांकडे वळावे. टायरांची नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने होऊन चिरलेले असल्यास ते टायर रस्त्यावर वापरू नयेत.

बेअरिंगांचे ओतकाम

आजच्या इंजिनात बेअरिंगचे तयार कवच मिळते; जुने काढून नवे बसविले की काम झाले. मॉडेल ए सारख्या जुन्या इंजिनांत तशी सोय नाही. तेथे कथील, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रणाचा मऊ धातू, ज्याला मिस्तरी 'व्हाईट मेटल' म्हणतात, तो वितळवून थेट जागेवर ओतलेला असतो. जुना धातू वितळवून काढणे, पृष्ठभाग निर्मळ करून त्यावर कथिलाचा पातळ थर देणे, नवा धातू योग्य तापमानाला ओतणे, नंतर तो मापात कातणे आणि शेवटी हाताने खरवडून शाफ्टशी जुळविणे, अशा पायऱ्यांनी हे काम चालते. यातील कथिलाचा थर देण्याचे तत्त्व आपल्या परिचयाच्या कल्हईचेच आहे. भांडे नीट घासले नाही तर कल्हई धरत नाही, त्याचप्रमाणे येथे पृष्ठभाग निर्मळ नसेल तर ओतलेला धातू काही दिवसांत सुटून येतो.

बेअरिंगच्या टोपीखाली पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. थोडी झीज झाल्यास त्यांतील एखादी काढून सैलपणा घालविता येतो, पुन्हा ओतकाम करावे लागत नाही. या इंजिनात ऑईलला गाळणी नाही व ऑईलचा दाबही अल्प असतो. पंपाने वर नेलेले तेल आपल्याच वजनाने बेअरिंगांकडे उतरते. म्हणूनच दर ५०० मैलांना, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरला, ऑईल बदलावे आणि चासीवरील सर्व सांध्यांना ग्रीस द्यावे, असे कंपनीने त्या काळीच सांगून ठेवले होते. हा नियम आजही तितकाच लागू आहे.

आजचे पेट्रोल आणि जुने इंजिन

शिसेविरहित पेट्रोल आल्यानंतर जुन्या गाड्या चालणार नाहीत, अशी भीती व्यक्त केली जात असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मॉडेल ए चे इंजिन वायूला मूळ आकारमानाच्या जेमतेम एकचतुर्थांशापर्यंतच दाबते, त्यामुळे त्याला उच्च प्रतीच्या पेट्रोलची गरजच नसते. खरी काळजी आहे ती इथेनॉलची. २०२५ सालापर्यंत आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले आहे. देशाच्या दृष्टीने या धोरणाची कारणे वेगळी आहेत, पण ९० वर्षांपूर्वीच्या इंजिनाची रचना अशा इंधनासाठी झालेली नव्हती, हे मालकाने लक्षात घ्यावयास हवे.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे टाकीत पाणी साचून पत्रा आतून गंजतो. टाकीच्या भिंतींवरील जुना थर ते सोडविते आणि तो कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते व ठिसूळ होते. मॉडेल ए च्या टाकीतील पातळीदर्शकाला बुचाचा तरंगा असतो. त्यावरील लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो. यावर उपाय कठीण नाहीत. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या बसवाव्यात, बुचाच्या तरंग्यास योग्य लेप द्यावा किंवा तो बदलावा, पेट्रोल गाळणारी वाटी वरचेवर साफ करावी आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी. इथेनॉलमुळे मिश्रण काहीसे सौम्य होते. मॉडेल ए मध्ये चालकाच्या हाताशीच मिश्रण कमी-अधिक करण्याची कळ आहे, तिचा उपयोग करावा.

वीज, ब्रेक आणि आटे

या गाडीची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असून बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत याच्या उलट असते, म्हणून बॅटरी जोडताना सवयीने चूक होण्याचा संभव असतो. तेवढ्याच कामासाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे केबलही जाड हवी. 'सहा व्होल्टवर स्टार्टर ओढत नाही' ही तक्रार पुष्कळदा बारीक केबल व गंजलेले सांधे यांमुळेच उद्भवते.

दांड्यांचे ब्रेक चारही चाकांवर सारखे लागतील असे जुळविणे हे सावकाशीचे काम आहे. प्रत्येक सांध्याची ढिलाई काढल्याशिवाय केवळ टोकाचा नट आवळून ते साधत नाही. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी गंभीर आजार उद्भवतात. ओल्या फडक्यानेच ती पुसून घ्यावी.

आट्यांच्या बाबतीतही दक्षता हवी. अमेरिकन व ब्रिटिश गाड्यांचे आटे वेगळे, आणि आजचे मिलिमीटरचे आटे त्यांहून वेगळे असतात. जवळपासच्या मापाचा पाना लावून नटाचे कोपरे झिजविणे, किंवा न जुळणारा बोल्ट बळाने आवळणे, यामुळे असे भाग कायमचे निकामी होतात जे पुन्हा मिळणे कठीण असते.

बॉडी, लाकूड आणि रंग

त्या काळातील शेव्हरोलेसारख्या अनेक गाड्यांच्या बॉडीचा आतील सांगाडा लाकडाचा असून त्यावर पत्रा मढविलेला असे. समुद्रकाठच्या आपल्या दमट हवेत अशा गाडीला तीन शत्रू असतात: खारी हवा, पावसाळी ओल आणि वाळवी. दारे लोंबू लागली तर दोष बिजागरीचा नसून आतील कुजलेल्या लाकडाचा असण्याचा संभव अधिक. अशा वेळी दाराला वेल्डिंग करून आधार देण्याऐवजी कुशल सुताराकडून तेवढाच तुकडा जुन्याच सांध्याने बदलून घ्यावा. पावसाळ्यात गाडी प्लॅस्टिकच्या कापडाने घट्ट झाकू नये, कारण आत ओल कोंडते. सुती आच्छादन, खेळती हवा आणि मातीऐवजी फरशीची जमीन यांनी बरेच काम होते. चाके जमिनीवरून उचलून गाडी टेकूंवर उभी केल्यास टायरही टिकतात.

जुना रंग शक्यतो खरवडू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासणे आरोग्यास अपायकारक आहे. शिवाय मूळ रंग हा त्या गाडीच्या इतिहासाचा पुरावाही असतो.

किती दुरुस्ती करावी?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा' या संस्थेने, २०१२ साली ट्यूरिन सनद मान्य केली. तिचा सारांश असा की, जुने वाहन हा सांस्कृतिक वारसा असून त्यात आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. जो भाग साफ करून चालतो तो दुरुस्त करू नये. जो दुरुस्त होतो तो बदलू नये. आणि बदलावाच लागला तर काढलेला मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत व एका वहीत तारीखवार नोंद करावी.

या वारशाची आठवण मराठी माणसाला दूर शोधावी लागत नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी अमेरिकन ड्यूसेनबर्ग चासीवर १९३६ साली इंग्लंडमधील गर्नी नटिंग या कारखान्याने घडविलेली मोटार पुढे परदेशी गेली. हैदराबादच्या निजामांची १९१२ सालची रोल्स रॉईस मात्र चौमहल्ला राजवाड्यात आजही जनतेस पाहावयास मिळते. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. परंतु वारसा केवळ राजवाड्यांतच असतो असे नाही. डॉक्टरांची, वकिलांची, भाडोत्री प्रवासाची साधी गाडी ही त्या काळच्या सामान्य जीवनाची साक्ष असते, आणि भंगारात जाण्याचा धोका तिलाच सर्वांत अधिक असतो.

नोंदणी कशी करावी?

२०२१ च्या नियमांनुसार अर्ज 'परिवहन' या संकेतस्थळावरून करावयाचा असतो. त्यासोबत विम्याची कागदपत्रे, गाडी आयात केलेली असल्यास जकातीचा दस्तऐवज आणि भारतात पूर्वी नोंदलेली असल्यास जुने नोंदणीपुस्तक जोडावे लागते. नवीन नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क नियमांत ठरविलेले असून नोंदणी १० वर्षांपर्यंत ग्राह्य असते. पूर्वीचा क्रमांक असलेल्या गाडीला तो कायम ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, तसेच पेट्रोल भरणे व दुरुस्ती यांसाठी ती नेता येते.

इंजिन बदललेल्या किंवा चासी कापलेल्या गाडीचे मालक या सवलतीस पात्र ठरणे अवघड होते, हे येथे पुन्हा सांगावेसे वाटते. जुने नोंदणीपुस्तक कितीही जीर्ण झालेले असले तरी ते फेकू नये. पुष्कळदा गाडीइतकेच ते मोलाचे ठरते.

कारागिरांची विद्या

सुटे भाग परदेशातून येऊ शकतात. परंतु ते बसविणारे हात येथेच असावे लागतात. व्हाईट मेटल ओतणारे, लाकडी सांगाडा जोडणारे, पत्रा घडविणारे मिस्तरी आता वृद्ध होत चालले आहेत आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी आपल्या परिसरातील अशा एखाद्या मिस्तरीला विद्यार्थ्यांपुढे बोलावावे, त्याच्या कामाची टिपणे व चित्रण करून ठेवावे. उघड्या जुन्या इंजिनासमोर उभा राहिलेला विद्यार्थी ठिणगी, हवा, पेट्रोल आणि तेल यांचा परस्परसंबंध डोळ्यांनी पाहू शकतो. आजच्या बंदिस्त इंजिनात ते सहजासहजी शक्य नसते.

ग्रामस्थांनीही आपल्या गावात अशी गाडी असल्यास भंगारवाल्याशी सौदा करण्यापूर्वी तिचा चासी व इंजिन क्रमांक उतरवून घ्यावा, तिची कागदपत्रे शोधावीत आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा. गाडी लगेच दुरुस्त करण्याची ऐपत नसली तरी हरकत नाही. ती कोरड्या जागी, आहे त्या स्थितीत, सर्व भागांसह सांभाळून ठेवली, तर दुरुस्ती दहा वर्षांनीही करता येईल. एकदा तोडलेली किंवा बदलून टाकलेली गाडी मात्र पुन्हा मूळ रूपात आणणे बहुधा कोणालाही शक्य होत नाही.